गुरू उकळतो, मग उपग्रहाला गाड्या कशा दिसतात?

गच्चीकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. रामबागेत आमचं जुनं तीन मजली घर, वर गच्ची. दिवाळीत आठ इंची डॉब (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घेतली, म्हणजे 200 मिमीचा आरसा, 1200 मिमी फोकल लेन्थ. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, चारशे पटीनं बघा, खिळून राहाल." खिळलो खरा, पण थंडीनं.

10 जानेवारी 2026 ला गुरू प्रतियुतीत (आकाशात सूर्याच्या बरोबर समोर) होता. त्या आठवड्यात रोज जेवणं उरकली की आठ-साडेआठला वर जायचो. दुर्बीण जिन्यावरच्या पत्र्याच्या खोलीत असते, चार पावलं बाहेर काढली की लगेच डोळा लावायचा. सहा मिमीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग), दोनशे पट. दिसलं काय, तर ताटलीतलं पातळ वरण. कडा लिबलिबताहेत, पट्टे दोन आहेत म्हणेपर्यंत एक होतोय, मध्येच सगळं तवंगासारखं सरकतंय. बार्लो (पट दुप्पट करणारं भिंग) लावून चारशे पट केली, तर तेच वरण मोठ्या ताटात. कॉलिमेशन (आरशांची जुळणी) बिघडलं असेल म्हणून आरशाचे स्क्रू पिळले, आणि पुढच्या दोन रात्री ते पुन्हा जागेवर आणण्यात गेल्या. सौ. म्हणाल्या, "फोनवर बघा ना, छान दिसतो."

फोनवरूनच प्रश्न सुचला. आपला कार्टोसॅट-3 उपग्रह (नोव्हेंबर 2019 मध्ये सोडलेला) 509 किमीवरून 25 सेंमीचा तुकडा वेगळा टिपतो. मी हिशेब केला, तो कोन 0.1 आर्कसेकंदाचा येतो (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). माझी दुर्बीण कागदावर 0.6 पर्यंत जायला हवी, पण प्रत्यक्षात दोन आर्कसेकंदांच्या खाली काही उमटत नाही. हवा तर तीच! वरून खाली बघताना ती सभ्य आणि खालून वर बघताना उनाड, असं कसं?

नकाशेवाली

गच्चीकर, हिशेब बरोबर आहे. घोटाळा "हवा तीच" इथे आहे. हवा तीच, पण ती कुणाला चिकटून आहे ते बघा.

घरात बटर पेपर असेल तर वर्तमानपत्रावर नीट दाबून बसवा. छोट्या जाहिरातीसुद्धा वाचता येतात. आता पेपर टेबलावरच राहू द्या आणि बटर पेपर डोळ्यांशी धरा. मथळाही गेला. खळबळणारी हवा जवळजवळ सगळी जमिनीपासून दहा-बारा किमीच्या आत असते. उपग्रहासाठी ती वर्तमानपत्रावरचा बटर पेपर आहे, तुमच्यासाठी डोळ्यावरचा.

एक आर्कसेकंद म्हणजे एक किमीवर जेमतेम 5 मिमी. समजा एक किमी उंचीवरच्या हवेनं किरण दोन आर्कसेकंद वाकवला, तर जमिनीवर फरक पडला एक सेंटीमीटरचा. दहा किमीवर वाकवला तर दहा सेंमी, पण मोठा गोंधळ खालीच असतो, त्यामुळे सगळं मिळून काही सेंटीमीटर. 25 सेंमीच्या पिक्सेलमध्ये ते गडप. तुमचा गुरू मात्र 63 कोटी किमीवर होता. तिथे दोन आर्कसेकंद म्हणजे सहा हजार किमी! पृथ्वीचा निम्मा व्यास पुसला गेला.

मी उपग्रहचित्रांवरून शेतांच्या हद्दी आखते. आमच्याकडे हवेची तक्रार वेगळी असते, धुरकटपणाची. हिवाळ्यात धूर-धुकं असलं की काळ्या मातीचं शेत राखाडी दिसतं. बांध जागच्या जागी असतो, पण सगळ्यावर दुधाचा हात फिरवल्यासारखा. त्यात निळा रंग सगळ्यात जास्त विखुरतो, त्यामुळे निळ्या पट्ट्याचं चित्र सगळ्यात आधी वाया जातं. तुमचं दुखणं नेमकं उलट: झगझगीत दिसतं, पण हलतं.

मालवीमामा

बटर पेपर छान. पण इंदूरकराला सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, उभं करावं. मी तीस वर्षं दुर्बिणी घासतोय आणि हे मला गराडूच्या (तळायच्या कंदाच्या) कढईपाशी कळलं. थंडीत कढईच्या वरून पलीकडे बघा. कढईच्या अगदी मागे टांगलेली भावांची पाटी स्थिर असते, पण गल्लीच्या टोकाचे दिवे नाचतात. एक पाऊल पुढे सरकून कढई नाकाखाली घ्या, दिवे नाचतच राहतील, पण कढईला चिकटलेली पाटी स्थिरच. (भैया हटकेल. एक प्लेट घेऊन टाका.)

आता तुमच्या गच्चीवर या. आपण शब-ए-मालवाचं कौतुक करतो ना, ऊन गेलं की हवा कशी झटकन गार होते म्हणून? तीच सवत आहे. हवा गार झाली, पण खालचा सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन प्यालेला असतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत वाफा सोडतो. त्यात तुम्ही पत्र्याखालून उबदार आरसा उचलून थेट थंडीत ठेवता. त्या काचेवर गरम हवेचा पापुद्रा बसतो, नळी चिमणीसारखी वाहते. तुमची कढई दुर्बिणीच्या पोटात आहे, राव. स्क्रूंना कशाला छळलंत?

हे तपासता येतं. एखादा ठळक तारा धरा आणि फोकस मुद्दाम बिघडवून त्याची चकती करा. चकतीत आळसावलेल्या, धुरासारख्या लाटा फिरल्या तर उष्णता नळीतली. नदीसारखं एकाच दिशेनं भरभर वाहताना दिसलं तर तो दहा-बारा किमीवरचा पश्चिमी जेट वारा. हिवाळ्यात तो उत्तर भारतावर ठाण मांडून असतो, त्याला आपल्याकडे औषध नाही.

दुर्बीण साडेसहालाच बाहेर काढा. आरशामागे कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवा. दुपारनंतर गच्चीवर चार बादल्या पाणी मारा, उन्हाळ्यात झोपायच्या आधी मारायचो तसं. हसू नका, उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर मुद्दाम बांधलीय. भोवती पाणी असलं की जमीन तापत नाही आणि सूर्याचं चित्र कमी थरथरतं.

आणि आठ वाजता कसले बघता? तेव्हा गुरू पूर्वेला पुरता तीस अंशही वर नसतो, म्हणजे डोक्यावरच्या दुप्पट हवेतून बघताय. यंदा तो मिथुनेत आहे, आपल्या इंदुरात मध्यरात्रीनंतर जवळजवळ थेट डोक्यावर येतो. ही चैन लंडनवाल्याला नाही. झोप मोडा.

आकडा हवा असेल तर: डेव्हिड फ्राइड यांनी 1960 च्या दशकात एक माप दिलं, हवेचा सलग गुळगुळीत तुकडा किती रुंद ते. 10 सेंमीचा तुकडा असेल तर दृश्य प्रकाशात साधारण एक आर्कसेकंद मिळतं, 5 सेंमी असेल तर दोन. म्हणजे तुम्ही आठ इंचांचे पैसे मोजलेत आणि हवेनं दोन इंचांचा माल दिला.

हौशीपोर

मामा, मग लडाखला जाऊन राहायचं का? 😀

मालवीमामा

हान्ले, 4500 मीटर. दोन मीटरची दुर्बीण आहे तिथे. जा, पण आरसा निवायला तिथेही ठेवावाच लागतो. मोठ्या वेधशाळा आकाशात लेसर मारून 90 किमीवरच्या सोडियमच्या थरात खोटा तारा उभा करतात आणि त्याच्या थरथरीच्या उलट आरसा सेकंदाला शेकडो वेळा वाकवतात. आपल्याकडे आहे बादली.

नकाशेवाली

आणि गच्चीकर, फोन आयपीसला लावून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. हजारो फ्रेममधल्या निवडक शे-दोनशे स्वच्छ फ्रेम सॉफ्टवेअरनं एकमेकींवर रचा. हवा अधूनमधून क्षणभर शहाणी होते, तेवढेच क्षण वेचायचे.

गच्चीकर (इंदूर)

मामा, तुमचं सगळं ऐकलं. साडेसहाला दुर्बीण बाहेर. पाणी मारलं, तर खालच्या काकू विचारायला वर आल्या, टाकी वाहतेय का म्हणून. पंखा अजून मिळायचाय.

रात्री पाऊण वाजता बसलो. डोक्यावर डॉब वळवणं म्हणजे बैलाला जिना चढवणं, हे कुणी सांगितलं नव्हतं. आधी पाच मिनिटं तेच वरण. मग एकदम, मोजून तीन सेकंद असतील, कुणी तरी काच पुसल्यासारखं झालं. उत्तरेच्या पट्ट्याची खालची कड सरळ नव्हती, खवल्याखवल्यांची होती, आणि तिच्यातून एक निळसर शेपटी मध्याकडे लोंबत होती. पुन्हा वरण. तासाभरात असं अकरा वेळा झालं, वहीत रेघा मारल्यात. व्हिडिओ काढलाय, रचायला मुलगा शनिवारी येईल.

आणखी एक शोध. ताऱ्याची चकती करून चारी दिशा तपासल्या. पूर्वेलाच लाटा जास्त. वाकून बघितलं तर त्याच बाजूला शेव-फरसाणाची भट्टी, आणि तिचं धुराडं बरोबर आमच्या कठड्याच्या खाली. आठ वाजता मी गुरू नव्हतो बघत, लसणाची शेव बघत होतो. भट्टी मंगळवारी बंद असते असं कळलं. मंगळवारी ढग होते.