दिवाणी दाव्यातही गरिबाला सरकारी खर्चाने पूर्णवेळ वकील मिळायला हवा

गोदाकाठ :
पंचवटीत आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंनी परवा रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. "दादा, हे काय लिवलंय तेवढं बघा." कोर्टाचं समन्स होतं. निफाड तालुक्यातल्या वडिलांच्या जमिनीत बहिणीने हक्क सोडलाय, असं ठरवून मागणारा भावाचा दावा. तारीख दीड वर्षापूर्वीची. कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला 30 दिवस असतात, फार तर 90. फोनवर कोर्टांच्या ई-कोर्ट्स ॲपमध्ये केस नंबर टाकला तर निकाल एकतर्फी होऊन गेलेला. तेव्हा एका वकिलाने आधी पंधरा हजार मागितले होते म्हणे. "मग ठिवून दिला कागद."

याच बाईला कायद्याने वकील फुकट मिळत होता. घटनेत 1976 साली मोफत कायदेशीर मदतीचं कलम 39अ आलं, ती मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा 1987चा, तो लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 ला. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अटच नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा. कोर्ट फीसुद्धा प्राधिकरण भरतं.

पण 2022 पासून फौजदारी आरोपींसाठी विधी सेवेत पूर्णवेळ पगारी वकील नेमायला सुरुवात झाली, तसं दिवाणीत झालेलं नाही. तिथे अजून पॅनलवरचे, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतून केसपुरते नेमलेले वकील, ठरीव तुटपुंजी फी. जमीन गेली, घर गेलं, पोटगी बुडाली, तरी माणूस उघड्यावर येतोच ना? प्रत्येक तालुका कोर्टात दिवाणीसाठीही पगारी वकील हवेत, आणि तो खर्च सरकारनेच करायला हवा.

सिन्नरचा_शेतकरी :
साफ असहमत. आमच्याकडे बांधावरून भावाभावांत आधीच तीन-तीन पिढ्या दावे चालतात. वकील फुकट झाला की उद्या जो तो कोर्टात. आणि पैसा आमच्याच करातला.

गोदाकाठ :
त्यासाठी विधी सेवा कायद्यातच कलम 13 आहे, दादा. दाव्यात सकृतदर्शनी दम आहे असं प्राधिकरणाला वाटलं तरच वकील देतात. शिवाय या ताई कोर्टात गेल्याच नव्हत्या, त्यांना ओढलं गेलं.

निवृत्त_नाशिकरोड :
माझी बाजूही ऐका. भाडेकरूवर दावा लावलाय, सात वर्षं झाली. पेन्शन 3 लाखांच्या थोडी वर, म्हणून मला काही नाही. फी भरायला मुलीकडून पैसे घेतले. उद्या समोरच्याला सरकार पगारी वकील देणार आणि मी मात्र प्रत्येक तारखेला खिसा चाचपणार. हा न्याय कसा?

गोदाकाठ :
काका, याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. मर्यादेच्या रेषेवरचा माणूस भरडला जातो हे खरंच. तुमच्यासारख्यांसाठी मर्यादा वाढवावी, असं मला वाटतं. पण म्हणून रेषेखालच्याचा वकील काढून घ्यायचा, हे पटत नाही.

काळा_कोट :
जिल्हा कोर्टात वकिली करतो, पॅनलवरही होतो. एक स्पष्ट सांगतो, पगारी वकील म्हणजे चांगला वकील असं नाही. दिवाणी दावा दहा-पंधरा वर्षं चालतो. नेमणूक दोन-तीन वर्षांची असेल तर पुरावा सुरू असताना वकील बदलेल आणि पक्षकाराची फाईल नव्या माणसाच्या टेबलावर पडून राहील. त्यापेक्षा पॅनलची फी तिप्पट करा आणि वेळेवर द्या. तडजोड होण्यासारखं असेल तर लोकअदालत आहेच, भरलेली कोर्ट फीही परत मिळते.

सातपूरकर :
लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, हेही सांगा. वकील नसलेली बहीण आणि वकील घेऊन आलेला भाऊ समोरासमोर बसले की तडजोड कोणाच्या बाजूने होते ते आम्ही घरात पाहिलंय. माझ्या आईने दोन एकरांच्या बदल्यात साडी-चोळी घेऊन सही केली.

सिन्नरचा_शेतकरी :
पण मूळ गोष्टीत हक्क तर होताच, बाईंना माहीत नव्हता. मग वकील वाढवून काय होणार? ग्रामपंचायतीत पाटी लावा, काम झालं.

गोदाकाठ :
पाटी वाचता आली असती तर समन्सही वाचलं असतं. सांगायलाही माणूस लागतो. प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक आहेत, त्यांना दिवसाचं मानधन मिळतं, पण त्यावर घर चालत नाही. 15100 हा कायदेशीर मदतीचा फोन नंबर मी स्वतः परवापर्यंत ऐकला नव्हता.

काळा_कोट, फी वाढवा हे मान्य. वकील मध्येच बदलण्याची भीतीही खरी आहे. नेमणूक दाव्याला जोडा, मुदतीला नको.

काळा_कोट :
तसं झालं तर माझा विरोध नाही. आणि ताईंचं अजून सगळं संपलेलं नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9 रूल 13 खाली अर्ज होतो. त्याची मुदत 30 दिवस, ती उलटलीय, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज. न येण्याचं सबळ कारण दाखवावं लागेल, मंजुरीची खात्री देत नाही. निकालाची नक्कल काढायला आजच टाका, समन्सचा तो कागद हरवू नका, आणि ताईंना घेऊन नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा कोर्टात प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज द्या. सोमवारी मी तिथेच आहे.

गोदाकाठ :
सोमवारी अकराला येतो. ताईंच्या दोन घरची कामं बुडतील, त्या घरी मी बोललोय.