मदत हवी आहे: सांगली-मिरजेत मोकळ्यावर टेबलं असलेलं हॉटेल सुचवा

नमस्कार मंडळी. कोरोनाच्या लॉकडाऊननंतर ५ ऑक्टोबर २०२० पासून हॉटेलं आणि परमिट रूम निम्म्या क्षमतेने सुरू झालीत. भाऊ पुण्याहून आलाय, मार्चनंतर पहिल्यांदाच. त्याला वडिलांबरोबर निवांत बसून एखादी बिअर आणि मटण-तांबडा रस्सा असा बेत करायचाय. वडिलांना शुगर आहे, म्हणून मला धाकधूक वाटते. सप्टेंबरमध्ये इथे हॉस्पिटलात बेडसाठी लोकांची काय धावपळ झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

ऑक्टोबर २०२० च्या कोरोना नियमांप्रमाणे दोन टेबलांत किमान एक मीटर अंतर, दारात तापमान तपासणी, खाताना सोडून बाकी वेळ मास्क. पण खाणं-पिणं म्हटलं की मास्क खाली येणारच, आणि बंद एसी हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर मोठमोठ्याने गप्पा चालू असतील तर त्या एक मीटरचा कितपत उपयोग? माझ्या मते मोकळी हवाच महत्त्वाची. परमिट रूम तर बहुतेक आतल्या बाजूला, खिडकीसुद्धा नसते.

तर विश्रामबाग, मिरज रोड किंवा माधवनगरच्या बाजूला बागेत किंवा गच्चीवर टेबलं असलेलं, फॅमिलीला बसता येईल असं ठिकाण माहीत आहे का? वेटर खरंच मास्क नाकावर ठेवतात का, आधी फोन करून कोपऱ्यातलं टेबल राखून देतात का, हेही सांगा. दुपारी तीनच्या सुमारास गर्दी कमी असते का? शक्यतो गेल्या आठ-दहा दिवसांत स्वतः जाऊन आलेल्यांनीच लिहा. शनिवारच्या आत कळलं तर फार बरं होईल.