गडाच्या सोंडेवरची वाट ओघळीने खचलीय, श्रमदानात काय करावं?

सोंडेवरचा: गावातून गडावर चढणारी मुरमाड वाट पावसात गुडघाभर खोल गेलीय. लोक कडेकडेने चालतात, त्यामुळे शेजारी आणखी तीन वाटा पडल्यात. दिवाळीनंतर २० जण श्रमदानाला येणार आहेत. ओघळ दगडांनी भरून वर सिमेंट ओतलं तर टिकेल का?

पहारवाला: सिमेंट अजिबात नको. पाणी खालून मुरूम पोखरतं, लादी अधांतरी राहते आणि तुटते. नुसते दगड भरले तरी पाणी त्यांच्या फटीतूनच धावणार. आधी पाणी वाटेबाहेर काढा, आणि सुरुवात वरून करा. वाटेला साधारण ४५ अंशात तिरपा चर खणा, फावड्याच्या पात्याएवढा रुंद. त्याच्या खालच्या अंगाला लांबट दगड एकमेकांना भिडवून उभे गाडा, दोन तृतीयांश जमिनीत. चराचं तोंड वाटेच्या कडेपलीकडे हातभर न्या आणि पाणी कातळावर किंवा गवतात सोडा. खाली त्याच वाटेचं वळण असेल तर तिथे सोडू नका, नाहीतर नवी ओघळ तयार होते. चर अगदी आडवा घेतला तर गाळ साचून एका पावसात बुजतो. खड्या चढावर दर ५ ते ८ मीटरला एक हवाच.

कातळकडा: जिथे चढ फारच उभा आहे तिथे पायऱ्या, आणि त्या मात्र खालून वर रचायच्या. वरचा दगड खालच्याच्या पाठीवर चार बोटं चढला पाहिजे. उंची १५ ते १८ सेंटीमीटर ठेवा. त्याहून उंच झाली की उतरताना लोक पायरी सोडून बाजूच्या मातीतून जातात आणि सगळी मेहनत वाया. दगडावर उभं राहून डुलतो का बघा. डुलला तर कपच्या मागून आणि खालून ठोका. पुढून ठोकलेली कपची पायाच्या धक्क्याने निसटते. पायरीच्या दोन्ही अंगांना ओबडधोबड मोठे धोंडे बसवा, म्हणजे वळसा घ्यायला जागाच उरत नाही.

त्या तीन वाटांच्या तोंडाशीही धोंडे आणि वाळकी काटेरी झुडपं टाका. कारवीची झुडपं तोडू नका, उतार त्यांच्याच मुळांनी धरलेला असतो.

घमेलं: काम सुरू करण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या. गड संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याचीही. पडलेल्या तटाचे घडीव दगड कितीही सोयीचे वाटले तरी हलवू नका, घसाऱ्यातले, म्हणजे उतारावर घसरून आलेले, सुटे दगडच घ्या. दगड पहारीने असा उचला की उघडी बाजू तुमच्यापासून लांब राहील. खाली फुरसं (विषारी साप) किंवा विंचू असू शकतो. दगड हलवताना खालच्या अंगाला कुणीही उभं राहायचं नाही. चार-चार जणांच्या पाच टोळ्या करा. एका टोळीला दोन पहारी, एक टिकाव, एक फावडं, दोन घमेली पुरतात.

सोंडेवरचा: मग आधी वरचे चर, पायऱ्या उरल्या वेळेत. जूनमध्ये परत जावं लागेल का?

पहारवाला: हो, पहिल्या मोठ्या सरीनंतर लगेच. चरातला गाळ उपसा, पाणी कुठून निसटतंय ते चालत्या पावसातच दिसतं.