मदत हवी आहे: वेबसाइटवर अक्षर मोठं करायची सोय

नमस्कार मंडळी. सांगली मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे भाव देणारी छोटी वेबसाइट सांभाळतो. बघणारे बरेचसे साठीपुढचे शेतकरी, म्हणून वर 'अ-' आणि 'अ+' बटणं दिली. साइज पिक्सेलऐवजी रेममध्ये (पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीत मोजायचं एकक) घेतले, बोटांनी झूम करायला असलेली आडकाठीही काढली.

आता अक्षर मोठं होतं, पण 'गर्दी'चा रफार नि वेलांटी वरून कापली जाते. डब्ल्यूसीएजीनुसार (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष) मजकूर २०० टक्के वाढवला तरी काही तुटायला नको. देवनागरीसाठी लाइन-हाइट (ओळीची उंची) किती ठेवता? शिवाय भावांचा तक्ता मोबाइलबाहेर पळतो. आडवा सरकवायला लावणं मला पटत नाही, कारण कमाल भाव शेवटच्या रकान्यात आहे आणि नेमका तोच दिसत नाही. कुणी हे सोडवलंय का? कोड दाखवलात तर फार बरं होईल.