मदत हवी आहे: बदललेल्या गुडघ्याजवळ छिद्र पडून पू येतोय, सांधा काढावाच लागेल का?

नमस्कार मंडळी,

आईचा (वय ६९, मधुमेह) उजवा गुडघा २०२२ मध्ये बदलला. वर्षभर मस्त चालली. मग टाक्यांच्या व्रणाच्या खालच्या टोकाला फोड आला, फुटला आणि ज्वारीच्या दाण्याएवढं छिद्र राहिलं. गोळ्या सुरू केल्या की खपली धरते, आम्ही सुटलो म्हणतो, आणि एके दिवशी पुन्हा लुगड्याला पिवळा डाग. पट्टी बदलताना मी नीट पाहिलंय: पाय सरळ असला की कोरडं, वाकवला की थेंब वर येतो. ताप नाही, दुखणं बेताचं.

गावातले डॉक्टर वरवरची जखम समजून ड्रेसिंग करत राहिले. आता सोलापूरचे हाडांचे डॉक्टर म्हणतात, छिद्र थेट सांध्यात गेलंय. बसवलेला सांधा काढायचा, तिथे सिमेंटचा स्पेसर (जागा धरून ठेवणारा तात्पुरता ठोकळा) घालायचा, काही आठवडे अँटिबायोटिक आणि मग नवा सांधा. ऐकून आमचे हातपायच गळाले. मामा म्हणतात जालीम गोळ्या द्या आणि वरून टाका घाला. काकूंना कुणी क्षारसूत्र (आयुर्वेदातला औषध लावलेला दोरा) सुचवलंय. एवढं मोठं ऑपरेशन टाळता येणार नाही का?

प्रतिसाद

हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच. पण वरून टाका घालायचं तेवढं आधी डोक्यातून काढा. ते छिद्र म्हणजे आतल्या पुवाची वाट आहे. वाट बुजवली तर पू आत साठेल. क्षारसूत्र गुदद्वाराच्या भगंदरासाठी असतं, सांध्यात जाणाऱ्या नळीत ते घालू देऊ नका.

गोळ्यांनी तात्पुरतंच का थांबतं? जंतू धातू-प्लॅस्टिकवर चिकट थर करून बसतात आणि त्या थरात औषध पुरेसं पोचत नाही. म्हणून कृत्रिम सांध्यापर्यंत जाणारी नळी दिसली की, बाकी रिपोर्ट काहीही म्हणोत, सांध्यात संसर्ग आहे असंच धरतात. नुसतं आत धुऊन सांधा तसाच ठेवण्याचा उपाय संसर्ग ताजा असताना करतात, नळी तयार झाल्यावर त्यावर सहसा भरवसा ठेवत नाहीत.

छिद्राच्या तोंडावरून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना (स्वॅब) फसवतो, त्यात कातडीवरचे जंतू येतात. सांध्यात सुई घालून काढलेलं पाणी आणि ऑपरेशनमध्ये आतून घेतलेले पाच-सहा तुकडे कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) जायला हवेत. काही जंतू सावकाश वाढतात, म्हणून लॅबला १४ दिवस ठेवायला सांगतात. नमुन्याआधी निदान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद असलेलं बरं, पण ते डॉक्टरांना विचारूनच. मनाने नव्या गोळ्या मात्र सुरू करू नका, जंतू सापडतच नाही मग. टीबीची तपासणीही त्याच तुकड्यांवर करा म्हणावं, आपल्याकडे गुडघ्याचा टीबी असा फुटतो.

प्रतिसाद

माझ्या वडिलांचं दोन टप्प्यांत झालं. स्पेसरमध्ये अँटिबायोटिक कालवलेलं असतं, ते आतच झिरपत राहतं. शिरेतून आणि नंतर गोळ्यांनी मिळून साधारण सहा आठवडे औषध चाललं. मधला काळ फार कंटाळवाणा असतो, हे आधीच सांगून ठेवतो. वडील चिडचिडे झाले होते, आम्हीही. कातडी खराब झाल्यामुळे प्लॅस्टिक सर्जनने पोटरीचा स्नायू फिरवून गुडघ्यावर आणला. हे आधी कुणी बोललं नव्हतं, तुम्ही विचारून ठेवा.

आणि साखर! एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) आठच्या वर असेल तर आधी तीच आटोक्यात आणा.

धागाकर्ती

खूप आभार. एचबीए१सी ९.१ आलंय, म्हणजे तिथूनच सुरुवात. आईचं हृदय थोडं कमकुवत आहे. भूलतज्ज्ञांनी नाही म्हटलं तर मग काय? आणि तोवर घरी काय सांभाळायचं?

प्रतिसाद

(पुन्हा मीच, ओटीवाली.) ऑपरेशन झेपणार नसेल तर जंतू ओळखून कमी मात्रेची गोळी दीर्घकाळ चालू ठेवतात. त्याने बरं होत नाही, संसर्ग दाबून ठेवला जातो. काही ठिकाणी एकाच बैठकीत जुना काढून नवा बसवतात, पण त्यासाठी जंतू आधी माहीत हवा आणि कातडी चांगली हवी. दुसऱ्या एखाद्या रिव्हिजन (बसवलेला सांधा काढून पुन्हा बदलणं) करणाऱ्या सर्जनचं मतही घ्या, रिप्लेसमेंट करणारे सगळे रिव्हिजन करत नाहीत.

घरी: निर्जंतुक गॉज, सलाईनने पुसणं, हात धुऊन. दाबून पू काढायचा नाही, हळद-पेरॉक्साइड काही नाही. भिजलेला गॉज लगेच बदला आणि कधी किती आलं ते वहीत लिहा, सर्जनला उपयोगी पडतं. थंडी वाजून ताप, गुडघा एकदम सुजून लालबुंद, किंवा आई गुंगीत वाटली तर सकाळची वाट न बघता दवाखाना. तिथे आधी रक्ताचं कल्चर घ्यायला सांगा, मगच इंजेक्शन.