मॅकिन्लीची 'ब्यूटी' वाचलीये का कुणी? शेवट पटला का तुम्हाला?

शेंडेफळ

रॉबिन मॅकिन्लीची 'ब्यूटी' काल रात्री संपवली आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय. पुस्तक जुनं आहे, १९७८ चं, ब्यूटी अँड द बीस्टचीच गोष्ट पण अख्खी कादंबरी करून सांगितलेली. टीनएजर्ससाठीचं म्हणतात, मी तिशी उलटल्यावर वाचतेय, असो. पुढे स्पॉयलर आहेत, शेवटासकट. ज्यांना नकोत त्यांनी इथूनच मागे फिरा.

तर नायिकेचं खरं नाव ऑनर. लहानपणी तिला ते काही आवडलं नाही, म्हणाली त्यापेक्षा ब्यूटी बरं, आणि घरच्यांनी तेच धरलं. मग मोठी होताना ग्रेस आणि होप या दोन बहिणी एकीपेक्षा एक देखण्या, आणि ही बुटकी, हाडकुळी, हातपाय मोठे, तोंडावर पुटकुळ्या आणि हाक मारायची तर ब्यूटी!! बरं बहिणी दुष्ट असत्या तर निदान त्यांचा राग तरी करता आला असता, पण त्या जीव लावणाऱ्या निघाल्या.

आमच्या घरात ताई देखणी आणि मी हुशार अशी वाटणी फार लवकर झाली. कुणी आलं की आधी ताईला 'किती गोड दिसतेस गं' आणि मग नजर माझ्याकडे, मग एक छोटासा पॉज, आणि मग 'ही अभ्यासात चांगली आहे ना?' वाईट हेतू कुणाचाच नसायचा. पण तो पॉज मी अजून विसरलेले नाही. ब्यूटीपण पुस्तकांत तोंड खुपसून बसते, विद्यापीठात जायची स्वप्नं बघते, आणि हे सगळं खरंच आवडीपोटी की दुसरं काही वाट्याला आलं नाही म्हणून, हे तिलाही धड माहीत नसावं असं मला वाचताना सारखं वाटत होतं. स्वतःबद्दलही मला ते आजतागायत कळलेलं नाही.

आणि मग शेवट. बीस्टचा माणूस होतो, ठीक आहे, ते होणारच होतं. पण ही म्हणते मी तुला शोभणार नाही, आणि तो तिला आरशासमोर नेतो, तर आरशात कोण? उंच झालेली, सुंदर मुलगी! म्हणजे एवढी पानं मी कुणाबरोबर चालत होते? मला एकदम बसमधून उतरवून दिल्यासारखं झालं.

कुणाला असं वाटलं का की मीच जास्त मनाला लावून घेतेय? आणि दुसरं म्हणजे भाची तेरा वर्षांची आहे, सारखी फोनमध्ये फिल्टर लावून स्वतःला बघत असते, तिला हे द्यावं की नको?

पानगळ

मला उलटं वाटलं होतं. एक लक्षात घे, सगळी गोष्ट तीच सांगतेय. ती दिसायला कशी आहे हे आपल्याला फक्त तिच्याच तोंडून कळतं, आणि ती तर आरशाकडे फिरकत नाही. बीस्टच्या वाड्यात आरसे नाहीत म्हणून तिला उलट बरंच वाटतं. म्हणजे स्वतःच्या चेहऱ्याबद्दलची तिची माहिती कधीची आहे? पंधरा-सोळाव्या वर्षातली! मधे ती घरी परत येते तेव्हा घरच्यांना ती उंच झालेली दिसते, तिला स्वतःला पत्ताच नाही. त्यामुळे आरशात काही जादू झाली असं मी मानत नाही, तिने इतक्या दिवसांनी एकदाचं बघितलं इतकंच.

मला तरुणपणी पिंपल्स प्रचंड होते. गेले, डाग राहिले, तेही फिकट झाले, पण मी ग्रुप फोटोत अजून मागच्या रांगेत जाऊन उभी राहते आणि मान जरा डावीकडे वळवते कारण उजवा गाल 'खराब' आहे. परवा मुलाने विचारलं तू सगळ्या फोटोत तिकडेच का बघतेस. काय सांगणार. ब्यूटीचं तेच झालंय असं मला वाटतं.

शेंडेफळ

@पानगळ हे वाचून थांबले जरा. गालाचं वाचून तर फारच. पण तरी, ती 'खरं तर सुंदरच होती' हेही दिलासाच झाला ना? जी खरंच सुंदर नाहीये, वाढून उंचबिंच काही होणार नाहीये, तिने काय करायचं? तिच्यासाठी यात काय आहे?

तळटीप

थोडा किस काढतो, चालवून घ्या. मूळ गोष्ट फ्रेंच, मादाम द व्हिलनव्हची, १७४० ची आणि लांबलचक. १७५६ मध्ये मादाम द बोमाँने ती छाटून सुटसुटीत केली आणि आपल्याला माहीत आहे ती बहुतेक तीच. बोमाँकडे बहिणी मत्सरी आहेत आणि शेवटी त्यांचे पुतळे होतात. मॅकिन्लीने तो मत्सर काढून टाकला हे मला तिचं सगळ्यात मोठं काम वाटतं, कारण मग नायिकेला कमी लेखणारं घरात कुणी उरतच नाही, तिची ती स्वतःच. लोक म्हणतात पुस्तकवेडी नायिका डिस्नेने १९९१ च्या सिनेमात मॅकिन्लीकडून उचलली, पण वाचनाची आवड आणि वाड्यातली लायब्ररी बोमाँकडेही आहे. मॅकिन्लीच्या लायब्ररीत मात्र अजून लिहिलीच न गेलेली पुस्तकं सापडतात, ती गंमत तिची.

शेवटाबद्दल मी शेंडेफळच्या बाजूने. पानगळ यांचं म्हणणं हुशारीचं आहे, पण मग तो आरसा तिला साधीच दाखवू शकला असता की. तरीही त्याला ती हवीच असती. ते लिहायला जास्त अवघड होतं, एवढंच.

बिनकामाचा_राजा

मी तर घोड्यासाठी वाचलं. ग्रेटहार्ट झिंदाबाद 😄

रानवारा

पुरुष असून लिहितोय, पण मला यात बीस्ट जवळचा वाटला. लहानपणी भाजलो होतो, मानेपासून जबड्यापर्यंत व्रण आहे. नवीन माणूस भेटलं की पहिली काही मिनिटं ते माझ्याशी नाही, व्रणाशी बोलत असतात, आणि मी त्यांना सवय होईपर्यंत काहीतरी हलकंफुलकं बोलत राहतो, ही माझी कायमची ड्युटी. बीस्ट तिच्याशी इतकं जपून, अदबीने बोलतो ना, ते मला लगेच ओळखीचं वाटलं. आणि मग तोही शेवटी देखणा होतो. तुम्ही सगळे तिच्या आरशाबद्दल बोलताय, त्याचं बदलणं 'होणारच होतं' म्हणून सोडून दिलंत. मला तेच जास्त लागलं.

पण याच लेखिकेने वीसेक वर्षांनी, १९९७ मध्ये, हीच गोष्ट परत लिहिली, 'रोझ डॉटर' नावाने. त्यात शेवटी ब्यूटीसमोर पर्याय येतो आणि ती त्याला आहे तसाच ठेवते. बीस्ट बीस्टच राहतो. मी ते पान दोनदा वाचलं, नंतर उठून चहाबिहा काही नाही, नुसताच बसून राहिलो.

शेंडेफळ

@रानवारा हो, 'होणारच होतं' मीच लिहिलं होतं, आणि खरंच, त्याच्या बाजूने एक सेकंद विचार केला नव्हता. रोझ डॉटर आजच शोधते.

पानगळ

भाचीला ब्यूटी दे गं. पण शेवट तिला आधी सांगू नकोस आणि तुझं मत तर अजिबात नको. तेरा वर्षांच्या पोरी आपल्याला जे दिसतं ते सोडून भलतंच काहीतरी वाचतात. मधे एक प्रसंग आहे बघ, अदृश्य दासी तिला झगमगीत ड्रेस घालायला लावतात आणि ही हटून बसते की असल्या कपड्यात मी खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही. माझी मुलगी त्यावर एवढंच म्हणाली की ड्रेस भारी होता, उगाच भांडली. मी कपाळावर हात मारला.

तळटीप

रोझ डॉटरबद्दल आगाऊ सूचना: बागकाम आहे. भरपूर. गुलाब, खत, छाटणी, परत गुलाब. मी अर्ध्यात सोडणार होतो. रानवारा म्हणतायत त्या पानासाठी नेटाने पुढे जा, पण भाचीला ते आत्ताच देऊ नका, दहाव्या पानावर परत फोन हातात घेईल.