नव्या गाडीत टायरचा पिवळा दिवा: खरा की खोटा?

प्रश्न: नाशिकला थंडी पडल्यापासून सकाळी गाडी सुरू केली की टायरच्या हवेचा दिवा लागतो, दुपारी आपोआप गायब. सर्व्हिसवाले म्हणतात, "साहेब, चालायचंच." नवी कोरी गाडी, आणि चालायचंच?

उत्तर १: दिवा खोटा नसेल हो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होतो. गाडी हलवण्याआधी दाब मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या, पंपावरच्या पोराचा "सगळ्यांना ३५" नको.

उत्तर २: हवा भरल्यावर दिव्याची यंत्रणा रीसेट केलीत? काही गाड्यांत टायरमध्ये सेन्सरच नसतो, एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरवरून, चाकाच्या वेगावरून हवेचा अंदाज बांधतात. आणि तक्रार जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्या, तोंडी नको.

प्रश्नकर्ता: स्टिकरवर ३३. तीन चाकं ठीक, मागच्या डाव्यात २५! पंक्चरवाल्याकडे निघालो.